आक्काचं इटालियन जेवण

रविवारी दुपारी कोल्हापूरचा माणूस मटण सोडून दुसरीकडं कुठं जात नाही, ह्यावर आमच्या आक्काचा इतका विश्वास होता की तिनं सगळा बेतच त्यावर रचला. सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग, दुपारी रस्सा, मग ताणून झोप. "त्या टायमाला राजारामपुरीतल्या त्या इटालियन हॉटेलात आपल्या वळखीचं कुत्रंबी फिरकायचं न्हाई," ती फोनवर म्हणाली. "नातवंडांनी दोनदा नेलतं मला. गार हवा, मऊ खुर्च्या. निवांत बोला की बसून."

मी एक वाजता तिथं पोचलो आणि बघतो तर दारातच पंचवीस-तीस माणसं उभी. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, कडेवर लेकरं. आमचं कोल्हापूर रविवारचं मटण टाकून पिझ्झा खायला कधी लागलं, हे कुणी मला कळवलं नव्हतं. उन्हात स्कूटर लावायला जागा शोधण्यात दहा मिनिटं गेली होती, डोकं आधीच तापलं होतं, आणि आता ही जत्रा. आक्काला फोन लावला तर उचलेना.

आक्का आमची थोरली बहीण. कागलला दिलेली. मी मधला, शिरोलीच्या एका फौंड्रीत छत्तीस वर्षं काढून रिटायर झालो. धाकटा शेती आणि म्हशी बघतो. आम्ही दोघं भाऊ कसबा बावड्यात चार गल्ल्यांच्या अंतरावर राहतो आणि आठ वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यालेलो नाही.

कारण सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. माझ्या मुलीच्या लग्नात धाकट्याच्या सासऱ्यांना मानाचा फेटा बांधायचा राहिला. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी मानकऱ्यांची नावं माईकवरून पुकारतात, एकेकाला पुढं बोलावतात, फेटा बांधून हातात नारळ देतात. म्हातारा पहिल्या रांगेत बसला होता. आता आपलं नाव येणार म्हणून त्यानं डोक्यावरची पांढरी टोपी काढली, नीट घडी केली, खिशात घातली. नाव आलंच नाही. मग टोपी परत घालायचीही त्याला लाज वाटली असावी. अख्खं लग्न तो माणूस बोडक्या डोक्यानं बसून राहिला.

धाकट्यानं तिथंच मांडवात मला गाठलं. "आमच्या सासऱ्याचं काय?" मी म्हणालो, "फेटेवाल्यानं घोळ घातला रे, चुकून राहिलं." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "इथनं पुढं तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई. तुझ्या पैशाचंबी न्हाई." बायको-पोराला घेऊन, न जेवता, चालता झाला. मलाही मग चेव चढला. मुलीच्या लग्नात सख्ख्या भावानं तमाशा केला म्हणून मीही तेच म्हणालो, तुझ्या घरचं पाणी मला हराम. दोघंही एका आईची पोरं, हट्टाला कमी कोण?

त्या पोरामुळं मी ह्या हॉटेलच्या दारात उभा होतो. धाकट्याचा मुलगा, माझा पुतण्या. त्याची आई बाळंतपणानंतर वर्षभर आजारी होती, तेव्हा हे पोर माझ्या घरी, माझ्या बायकोच्या पदराखाली वाढलं. माझं बोट धरून चालायला शिकलं. आता पुढच्या महिन्यात त्याचं लग्न. सगळ्या बावड्यात पत्रिका वाटून झाल्या होत्या, माझं दार सोडून. लोक काय म्हणतील ते गेलं उडत. त्या पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी नसणार, ह्या विचारानं मला घास जात नव्हता.

शेवटी आक्का मध्ये पडली. दोघांनाही बोलबोल बोलली आणि तिनं तोड काढली. "धाकटा तयार झालाय. तू फेटेवाल्याचं नाव घेऊ नको. 'माझ्याकडनं चुकून राहिलं' एवढं तोंडानं म्हण. तो पत्रिका देतोय. हुतंय की न्हाई?"

"होतंय," मी म्हणालो. अडचण एकच होती आणि ती फक्त मला माहीत होती. चुकून काही राहिलं नव्हतं.

भेटायचं कुठं हाही घोळच. माझ्या घरी तो येणार नाही, त्याच्या घरी मी जाणार नाही. आक्काच्या घरी बसावं तर धाकट्याची सासरवाडी तिच्या पुढच्याच गल्लीत, पाच मिनिटांत सगळी भावकी गोळा झाली असती. एखाद्या खानावळीत बसावं तर रस्सा टेबलावर यायच्या आत बातमी बावड्यात. म्हणून इटालियन. आणि जेवण आक्काचं. आम्हा दोघांना तिनं बजावलं होतं, "माझं जेवान हाय. कुणी खिशात हात घातला तर माझ्याशी गाठ हाय." त्याशिवाय धाकटा आलाच नसता. मी पैसे दिले की ते पाणी माझं झालं, असा त्याचा हिशेब.

येताना वाटेत तो मला दिसला होता. बावड्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. जाणार दोघं एकाच ठिकाणी, माझ्या स्कूटरची मागची सीट मोकळी. मी वेग कमी केला. त्यानं मान फिरवली आणि बोर्ड वाचायला लागला, जन्मात बोर्ड बघितला नव्हता असा. मीही मग गाडी दामटली. वाटभर स्वतःलाच शिव्या घालत आलो.

दारात एक पोरगी हातात टॅब घेऊन उभी होती. मी आक्काचं नाव सांगितलं. "हो, तिघांचं बुकिंग आहे. पण काका, सगळे आल्याशिवाय टेबल देत नाही. निदान दोघं तरी पाहिजेत." तेवढ्यात धाकटा आला. माझ्यापासून तीन फुटांवर थांबला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. पंधरा मिनिटं आम्ही तसे उभे. आतून लोणी-लसणाचा वास येत होता, माझी शुगर खाली चालली होती, आणि आमच्या मागनं आलेली माणसं आत जात होती.

"हे काका तुमच्याबरोबर आहेत का?" पोरीनं मला विचारलं.

मी घड्याळात बघितलं. काय सांगणार? मग तिनं त्याला विचारलं, "काका, तुम्ही एकटेच आहात?"

"न्हाई."

"मग कुणाबरोबर?"

त्यानं माझ्याकडं न बघता नुसती हनुवटी माझ्या दिशेला उचलली. मागनं एक गडी ओरडला, "पावणं, आत जायचं तर जावा की! न्हाईतर बाजूला सरा, आमची पोरं भुकेजल्यात." पोरीनं आम्हाला आत सोडलं.

निवांत म्हणे! टेबल म्हणजे शाळेच्या बाकाएवढं, त्यावर आम्ही दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागणार म्हणून दोघांनीही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. एका बाजूला भट्टी, तिची धग. दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस, दहा-बारा पोरं टोप्या घालून किंचाळत होती. वरनं गाणं लावलेलं, ते एवढ्या मोठ्यानं की फौंड्रीतला ओतीव माल घासायचा फेटलिंग शॉप बरा. छत्तीस वर्षं धडधडाटात काढल्यामुळं माझा एक कान तसाही गेलेला आहे.

मेनूकार्ड मागितलं तर वेटर म्हणाला, "सर, स्कॅन करा." टेबलावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला. मी फोन त्याच्यावर धरला, लांब धरला, जवळ धरला, काही होईना. शेवटी वेटरनंच स्वतःच्या फोनवर उघडून दिलं. त्यात एक नाव वाचता येईल तर शपथ. तेवढ्यात आक्काचा फोन आला.

"आरं, हायवेला गाड्या तुंबल्यात! कामामुळं एकच बाजू चालू हाय. अजून अर्धा तास तरी लागतोय. तुमी मागवा आन् बसा जेवाय."

"आक्का, तू नाहीस तर आम्ही काय..."

"बोला की रं तवर! आठ वरसाचं साठलंय न्हवं?" आणि ठेवलाच फोन तिनं.

मी वेटरला म्हणालो, बाबा, तूच काहीतरी साधं आण, कमी चीजचं. त्यानं एक पिझ्झा, एक पास्ता आणि लसणाचा पाव लिहून घेतला. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "आमची बहीण आल्यावर बघू."

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य. घरी आरशापुढं म्हणून बघितलेलं. मी घसा साफ केला, पुढं वाकलो. "हे बघ, त्या दिवशी माझ्याकडनं..." आणि शेजारच्या टेबलावर सगळी पोरं उभी राहून टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागली. वेटरही त्यात. केक कापला, फुगा फोडला, परत पहिल्यापासून गाणं. धाकट्यानं कानामागं हात धरून "काय?" असं केलं. मी हातानंच 'थांब' म्हणालो.

गाणं संपलं. परत सुरुवात केली. "त्या दिवशी लग्नात..." तर वेटर येऊन मध्ये वाकला, "सर, स्पाइसी कमी की जास्त?" मी म्हणालो, "अरे, घाल काय घालायचं ते, पण जा इथनं!" तो बिचारा बावरून गेला. धाकटा छताकडं बघत होता. मला घाम फुटला होता. एक साधं वाक्य बोलायला माणसाला ह्या गावात जागा नसावी?

पिझ्झा आला. बरोबर पास्ता, पाव. सगळं वाफाळत. धाकट्यानं ताटाकडं बघितलं.

"कुणाचं हाय हे?"

"आक्काचं."

"आक्का कुठाय?"

"येतीय की. तिनंच मागवा म्हणून सांगितलंय. खा, गार होईल."

"हू दे."

हात मांडीवर ठेवून बसून राहिला. तो खाईना म्हटल्यावर मी एकटा कसा खाऊ? पोटात भूक, समोर अन्न, आणि आम्ही दोन म्हातारे त्याच्याकडं बघत बसलेलो. धाकट्यानं मग पिशवीतून स्वतःच्या घरची पाण्याची बाटली काढली, टेबलावर ठेवली, टोपण उघडलं आणि दोन घोट घेतले.

वेटर धावत आला. "सॉरी काका, बाहेरचं पाणी इथं चालत नाही."

"मला चालतंय," धाकटा म्हणाला.

"तसं नाही काका. नियम आहे. बाटली आत ठेवावी लागेल. मी साधं पाणी आणतो ना, फ्री आहे."

"ते पाणी मला नगं."

वेटर मॅनेजरला घेऊन आला. तिशीतला पोरगा, काळा शर्ट, गळ्यात पट्टा, तोंडावर हसू. "सर, पॉलिसी आहे. एकाला परवानगी दिली तर सगळेच आणतील." मग आजूबाजूच्या टेबलांनी माना वळवल्या. धाकटा उठला. बाटली पिशवीत टाकली. तो निघाला की संपलं, परत कुठल्याही आक्काच्या सांगण्यानं तो येणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

मॅनेजरनंही ते बघितलं असावं. मऊ आवाजात म्हणाला, "काका, मेडिकल कारण असेल तर चालतं. औषधाचं पाणी आहे का? तसं सांगा फक्त, मी लिहून घेतो, विषय संपला."

मी म्हणालो, "हो, हो, औषधाचंच..."

"न्हाई," धाकटा म्हणाला. "मला कसलं औषध न्हाई. साधं विहिरीचं पाणी हाय. ह्या माणसाबरोबर बसलोय म्हणून घरचं आणलंय."

मॅनेजरला काहीच कळेना. तो एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायला लागला. "काका, नुसतं हो म्हणा ना."

"खोटं कशाला बोलू? एका बाटलीपायी?"

आणि मग माझं डोकंच फिरलं. कुणावर ते विचारू नका. त्या पोराच्या पट्ट्यावर, गाण्यावर, भट्टीवर, धाकट्यावर, माझ्यावर. मी उभा राहिलो आणि फौंड्रीत ओरडायचो तसा ओरडलो. "तुमची पॉलिसी गेली खड्ड्यात! तो त्याचं पाणी पिणार म्हणजे पिणार! आठ वर्षं त्यानं नेम पाळलाय. माझ्या डोळ्यादेखत तुम्ही त्याचा नेम मोडायला निघालाय? बिलात लावा काय लावायचं ते. बाटली इथंच राहील आणि हा माणूस इथंच बसेल!"

शेजारची टोप्या घातलेली पोरंही गप्प झाली. मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे सर, फक्त टेबलाखाली ठेवा." आणि गेला. धाकटा सावकाश बसला. माझ्याकडं बघत होता. आठ वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी कशासाठी भांडलो. माझं पाणी त्यानं पिऊ नये म्हणून. हसावं की रडावं कळेना. आणि त्याबरोबरच दुसरंही डोक्यात बसलं होतं, ते जाईना. नुसतं हो म्हणायचं होतं त्याला. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तरी म्हणाला नाही. आणि मी आरशापुढं घोकून आलो होतो.

"धाकट्या," मी म्हणालो. आता वरचं गाणं चालूच होतं, पण मला त्याची पर्वा उरली नव्हती. "चुकून राहिलं नव्हतं."

"काय?"

"फेटा. चुकून राहिला नव्हता."

मी एकदा सुरू झालो ते थांबलोच नाही. "फेटेवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आता एकच शिल्लक हाय, कुणाला बांधू? मी समोर बघितलं. तुझे सासरे पहिल्या रांगेत बसलेले. टोपी काढून घडी घालत होते, मी बघितलं. आणि तेवढ्यात दारातनं आमचे फौंड्रीचे साहेब आत आले. येतील असं वाटलं नव्हतं. त्या वर्षी सुपरवायझरची जागा भरायची होती. मी म्हटलं, साहेबांना बांध. पाव्हण्यांना नंतर बघू. नंतर फेटा कुठनं येणार होता? मला माहीत होतं. मग तू विचारलंस आणि मी त्या फेटेवाल्यावर ढकललं."

सांगून झालं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. आणखीच कोंडल्यासारखं झालं.

धाकट्यानं टेबलावरची तिखटाची पुडी उचलली, उलटसुलट करून बघितली, परत ठेवली.

"मिळाली काय मग जागा?"

"मिळाली."

"त्याच जागेवरनं रिटायर झालास न्हवं?"

"हो."

त्यानं परत पुडी उचलली. मग बोलायला लागला, हळू, मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "मला वाटायचं, गडबडीत इसरला आसंल. लगीनघरात माणूस इसरतोयच. मान्य कराय लाज वाटालीय आन् उगं दुसऱ्यावर ढकलालाय, एवढाच राग हुता माझा. बायकोबी म्हणायची, जाऊ दे की, दादांची चूक झाली. सासराबी मरायच्या आधी म्हणालेला, आसू दे रं, पोरीच्या बापाचं डोकं ठिकाणावर न्हसतंय." तो थांबला. "आन् तू बघून केलंस व्हय?"

मी मान डोलावली.

"टोपी काढताना बघितलंस?"

"बघितलं."

त्याच वेळी आक्का आली. पदर सावरत, धापा टाकत, दारातल्या पोरीला बाजूला सारत. तिसऱ्या खुर्चीत धपकन बसली आणि आधी ताटाकडं बघितलं. "आगं बाई! हातबी लावला न्हाई? गार गोटा झालं की सगळं!" मग आमच्या तोंडाकडं. "काय झालं? बोलला न्हाईसा?"

"बोललाय," धाकटा म्हणाला. "इसरला न्हवता म्हणं. साहेबाला बांधला."

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "आरं मुडद्या, तुला एक वाक्य पढवलं हुतं मी! एक! तेबी तुला न्हाई जमलं? कुणी सांगितलं हुतं तुला राजा हरिश्चंद्र व्हायला, ते बी आज?"

"त्याला बोलू नगंस, आक्का," धाकटा म्हणाला. "खरं बोललाय त्यो."

मग त्यानं ताट पुढं ओढलं. आता जेवण आक्काचं होतं. वेटर येऊन गरम करून देऊ का म्हणाला, तर त्यानं नको म्हणून हात हलवला. थंड, चामड्यासारखा झालेला पिझ्झा त्यानं भाकरीसारखा मोडला आणि एकेक तुकडा चावून खाल्ला. आक्का त्याच्या ताटात वाढत राहिली. पास्ता खाल्ला, पाव खाल्ला, बहिणीच्या अन्नातलं कणभर टाकलं नाही. माझ्याही ताटात आक्कानं एक तुकडा टाकला होता. मी तो तोंडात घातला. तासाभरापूर्वी जीव चालला होता भुकेनं, आणि आता उरलेला तुकडा मी ताटाच्या कडेला सारला. राग येत होता. इतकी वर्षं खोटं बोललो ते चाललं, सगळ्यांना चाललं, आणि एकदा खरं बोललो तर हे. त्यातही राग कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं. समोरचा माणूस तर मुकाट जेवत होता.

आक्का बारीक आवाजात मला म्हणाली, "आता कशी मागू मी पत्रिका त्याच्याकडं?" मी म्हणालो, "मागू नकोस." नाहीतर दुसरं काय म्हणणार होतो? पुतण्याचं लग्न मी मनातल्या मनात सोडून दिलं होतं. त्या दिवशी गावाबाहेर कुठं जाता येईल, बायकोला काय सांगायचं, इथपर्यंत माझा विचार गेला होता.

ताटं उचलायला आलेला वेटर म्हणाला, "सर, बाहेर वेटिंग आहे, प्लीज." दारात खरोखरच अजून तेवढीच माणसं होती. आक्का पैसे द्यायला काउंटरकडं गेली. आम्ही दोघंच राहिलो.

धाकट्यानं रुमालानं हात पुसले, तोंड पुसलं. मग शर्टाच्या आत हात घालून त्यानं पत्रिका काढली. हळदीकुंकवाची बोटं लावलेली, वर माझं नाव त्याच्या हातचं. घरनंच लिहून आणलेली. थोडा वेळ ती त्यानं हातातच धरली. मला वाटलं, परत ठेवतोय. पण त्यानं ती माझ्यापुढं ठेवली.

"पोरगं रोज इचारतंय, काकांकडं गेलासा काय म्हणून. त्याच्यात त्याचा काय दोष न्हाई," तो म्हणाला. "पोराचा काका म्हणून ये. म्होरं उभा ऱ्हा, अक्षता टाक, जेव. घरचं समद्यांस्नी घेऊन ये."

"येतो की," मी म्हणालो. "येतो रे धाकट्या."

तो उठला. खुर्ची आत सारली. दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"माझा भाऊ म्हणून येऊ नगंस."

दारातली पोरगी तोवर पुढच्या माणसांना घेऊन टेबलापर्यंत आली होती. "काका, उठताय ना?" तिनं विचारलं. मी पत्रिका घेतली आणि उठलो.